प्लग दोन, बिल दोनचं, बदलला एकच

पल्सरच्या डीटीएस-आय इंजिनात एकाच सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. मेकॅनिकला हे पाठ असतं, गिऱ्हाइकाला बहुधा माहीत नसतं. प्रस्तुत लेखकाला माहीत होतं, तरीही नागपूरच्या बर्डीतल्या एका गॅरेजवाल्याने त्याला टोपी घातलीच. राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

२३ सप्टेंबर २०२३ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. मोरभवन बसस्थानकातल्या बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या आणि सखल भागांतल्या लोकांना काढायला रबरी होड्या आल्या होत्या. लेखकाची पल्सरही सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर अनेकांनी केलं तसं त्याने बटण दाबलं नाही. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. त्याने गाडी ढकलतच गॅरेजला नेली.

बिलात ऑइल, एअर फिल्टर आणि ‘प्लग २ नग’ होतं. पैसे रोख दिले.

गाडी सुरू झाली, पण सेमिनरी हिल्सच्या चढावर दम टाकायची. अ‍ॅव्हरेजही घसरला. विचारायला जावं तर कधी पेट्रोलात पाणी, कधी कार्ब्युरेटर जुना. शेवटी दुसऱ्या एका मिस्त्रीने दोन्ही प्लग काढले. समोरचा कोरा करकरीत. दुसरा खोल खोबणीत बसलेला, लांब नळीचा पाना घातल्याशिवाय हाती न लागणारा. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या षट्कोनावर गंज होता, आट्यांत पुराचा वाळलेला गाळ होता आणि पांढऱ्या चिनीमातीवरचा नंबर पुसट झाला होता.

बिल घेऊन लेखक पहिल्या गॅरेजात गेला. मालकाने बिलाकडे पाहिलंसुद्धा नाही. “चालून राहिली ना गाडी? मग कायले टेन्शन घेता भाऊ?” मग म्हणे, काम करणारा पोरगा सोडून गेला.

चोरी पचते ती इथेच. एक प्लग मेला तरी दुसरा पेट्रोल पेटवतो. गाडी बंद पडत नाही, फक्त ओढ कमी होते. त्या रबरी होड्यांना लावतात तसल्या आउटबोर्ड मोटरीत दोन सिलिंडर असतील आणि एकाचा प्लग गेला, तर निम्मी ताकद तिथल्या तिथे जाते. नावाड्याला कुणी फसवू शकत नाही. म्हणून तर जाणते नावाडी जादा प्लग आणि पाना होडीतच ठेवतात.

तेव्हा जुने प्लग मागून घ्या, दोन असतील तर दोन्ही. नवे बसताना समोर उभे राहा. मेकॅनिक वैतागला तर वैतागू द्या.

नंबर गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहा. एनजीकेच्या नंबरात सुरुवातीचा ‘सी’ म्हणजे १० मिलिमीटरच्या आट्या. उष्णतेच्या आकड्यानंतर ‘एच’ असेल तर आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर, ‘ई’ असेल तर १९. आखूड प्लगाच्या जागी लांब बसवला तर पिस्टन त्यावर आपटू शकतो. एनजीकेत आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलट. त्यामुळे “सातच्या जागी सात टाकला” म्हणणाऱ्याला आधी कंपनी विचारा. शेवटी ‘-९’ असेल तर गॅप ०.९ मिलिमीटर, तो फीलर गेजने मोजायचा, नजरेने नाही.

इंजिन थंड असतानाच प्लग काढा. नवा आधी हातानेच फिरवा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधल्या आट्या एकदा गेल्या की खर्च प्लगाच्या कितीतरी पट. हाताने घट्ट बसल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो.

जुन्या प्लगाचा रंगही पाहा. फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा फिल्टर तुंबलेला, ओलसर तेल म्हणजे रिंगांची तपासणी, पांढराफटक म्हणजे इंजिन तापतंय.

पक्कं बिल घ्या, ओळखीच्या दुकानातून माल घ्या, हे सगळेच सांगतात. लेखकाकडेही बिल होतं, त्याने काही झालं नाही. जुने दोन्ही प्लग हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.