मनाच्या दुखण्यावर बोलण्याचा उपचार

चाकणची रात्रपाळी, ठेकेदारीतली टांगती नोकरी, लहानपणी जातीवरून झालेला अपमान, हे सारे आपण मनात दाबून ठेवतो. पुढे झोप उडते, घरच्यांवर राग निघतो. मनोविश्लेषणाच्या उपचारात दर आठवड्याला सुमारे पाऊण तास बोलत त्या जुन्या जखमेचा माग काढतात. बुद्धांनी मनालाच केंद्रस्थानी ठेवले. मग उपचाराची लाज कसली?

खासगी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी, फी आणि गुप्तता यांबद्दल आधीच विचारू. औषध लागल्यास ते मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरच देतात. फी परवडत नसेल तर पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जगणे नकोसे वाटले तर त्याच क्षणी टेलि-मानसला १४४१६ वर फोन करू. तो मोफत आहे, मराठीत बोलता येते.