ती तुझ्याशी बोलली, आता पुढे?

अगं, आईला नाही, रेक्टरला नाही, तुझ्या रूममेटनं तिच्यावर झालेला लैंगिक अत्याचार सांगायला तुला निवडलं. तेव्हा आधी नुसतं ऐक. ‘एकटी कशाला गेलीस त्याच्याबरोबर?’, ‘तेव्हाच का नाही ओरडलीस?’ हे प्रश्न जिभेवर आले तरी गिळ. भीतीनं अंग थिजतं, आवाज फुटत नाही. दुसऱ्या दिवशी ती मेसमध्ये हसत जेवली, म्हणून काही घडलंच नाही असंही नसतं. ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे’ एवढं म्हणालीस तरी पुष्कळ.

तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तरातरा प्राचार्यांच्या केबिनकडे निघशील. थांब. एकदा तिच्या मनाविरुद्ध झालंच आहे, आता आपणही मदत म्हणून तेच करायचं का? कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते तिला ठरवू दे. फक्त ती अठराच्या आतली असेल तर गोष्ट वेगळी (अकरावी-बारावीच्या मुली असतातच की होस्टेलला). तिथे पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो आणि पोलिसांना कळवावंच लागतं. म्हणून ‘कुणाला सांगणार नाही’ अशी शपथ आधीच घेऊन बसू नकोस.

वेळेचं भान मात्र तू ठेव. बलात्कार झाला असेल तर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी आणि एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितकं लवकर तितकं बरं. रुग्णालय सरकारी असो की खासगी, तिला मोफत उपचार द्यावेच लागतात. ‘आधी एफआयआर आणा’ असं कुणी म्हणालं तर ऐकून परत फिरू नका. तपासणी तिच्या संमतीनंच होते, आणि ती किळसवाणी ‘टू-फिंगर’ चाचणी करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये पुन्हा बजावलं आहे. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. धुतले असतील तरी तक्रार करता येतेच, त्यावरून तिला बोल लावू नकोस. त्याचे मेसेज चीड आली तरी डिलीट करायचे नाहीत.

लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार तीन महिन्यांत द्यायची असते. उशिराला सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर यूजीसीच्या नियमांप्रमाणे समितीत विद्यार्थीही असतात. मुली गप्प बसतात त्या बहुतेक वेळा इंटर्नलच्या मार्कांपायी. तो सर असेल तर चौकशी चालू असताना त्यानं तिचे पेपर तपासू नयेत, अशी मागणी समितीकडे करता येते. हे कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून मी सांगते. ‘कॉलेजची बदनामी होईल, मिटवून टाका’ म्हणणारे भेटतीलच. समेट तिनं स्वतः मागितला तरच, आणि पैशांवर तर नाहीच.

पोलिसांकडे जायचं ठरलं तर घटना कुठेही घडलेली असो, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होते. बलात्काराच्या तक्रारीत जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. समिती आणि पोलीस, दोन्ही वाटा एकाच वेळी खुल्या असतात.

ग्रुपवर चर्चा सुरू झाली तर ‘कोण गं ती?’ला उत्तर द्यायचं नाही. तिची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

रात्र रात्र तिच्याजवळ तूच एकटी जागू नकोस. सरकारच्या सखी केंद्रात समुपदेशक असतात, तिला हवं असेल तर सोबत जा. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख या धांदलीत तिच्या ध्यानात राहणार नाही, ती तू लिहून ठेव. आणि शनिवारी दोघी जेवायला या इकडे. तिला नको वाटलं तर तू ये, तिच्यासाठी डबा देते.