ट्रॅक्टर व रोटाव्हेटर चालविताना घ्यावयाची दक्षता

कुळवास भार हवा म्हणून त्यावर मुलास बसविण्याची चाल महाराष्ट्रातील खेड्यांत फार जुनी आहे. मूल खाली पडलेच तर हाकेसरशी बैल थांबत. पुढे बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, परंतु ती चाल मात्र गेली नाही. आता मूल मडगार्डवर बसते आणि त्याच्या पाठीमागे रोटाव्हेटरची पाती फिरत असतात. ट्रॅक्टरपासून होणाऱ्या अपघातांचा विचार करताना प्रथम लक्ष द्यावयाचे ते याच गोष्टीकडे.

मडगार्डची रचना बसण्यासाठी केलेली नसते. एखाद्या सरीवर किंवा दगडावर चाक चढताच बसलेल्याचा तोल जातो व तो मागील चाकाखाली अथवा थेट पात्यांपुढे पडतो. चालकाची नजर समोर असते आणि इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. ती ऐकून क्लच दाबण्यास एकच सेकंद लागला असे धरले, तरी ताशी 4 किलोमीटर वेगाने चालणारा ट्रॅक्टर तेवढ्या अवधीत एक मीटरहून अधिक पुढे जातो. मडगार्ड व पाती यांतील अंतर त्याहून फारसे अधिक नसते. म्हणून ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणासही बसू देऊ नये. मग तो पाहुणा असो की हट्ट धरून बसलेले घरचे मूल असो. अवजारास वजन हवे असल्यास वाळूची पोती घट्ट बांधावीत.

पी.टी.ओ. शाफ्ट सामान्यतः मिनिटास 540 म्हणजे सेकंदास 9 फेरे घेतो. सहा सेंटिमीटर जाडीच्या शाफ्टभोवती एका सेकंदात दीड मीटरहून अधिक कापड गुंडाळले जाते. धोतराचा सोगा, उपरणे किंवा साडीचा पदर त्यात सापडल्यास तो सोडविण्यास अवसर मिळत नाही. वंगण देताना काढलेले शाफ्टवरील आवरण पुन्हा बसविण्याचा कंटाळा केला जातो. हा कंटाळा महागात पडतो. पात्यांत पालापाचोळा किंवा वेल अडकल्यास इंजिन बंद करून किल्ली काढावी, पाती पूर्ण थांबू द्यावीत व मगच हात घालावा. उचललेल्या अवजाराखाली काम करावयाचे झाल्यास त्यास भक्कम लाकडी ठोकळ्यांचा आधार द्यावा; केवळ हायड्रॉलिकवर विसंबू नये.

ट्रॅक्टर उलटण्याचे प्रकार दोन. नाल्याच्या किंवा बांधाच्या कडेला माती ढासळून तो बाजूस कलंडतो. नाला जितका खोल, निदान तितके अंतर त्याच्या काठापासून सोडून ट्रॅक्टर चालवावा आणि पावसाने माती भिजली असता त्याहून अधिक सोडावे. दुसरा प्रकार मागे उलटण्याचा असून तो अधिक घातक होय. चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागील चाकांना ओंडका बांधून पुढे जोर लावण्याची युक्ती अनेकांस ठाऊक आहे. परंतु ओंडक्यामुळे चाक अडले, की इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचा पुढील भागच वर उचलतो. पुढची चाके उचलल्यापासून ट्रॅक्टर पूर्ण उलटण्यास सुमारे दीड सेकंद लागतो आणि त्यापैकी पहिल्या अर्ध्या अवधीतच क्लच दाबला गेला तर काही आशा असते. रुतलेला ट्रॅक्टर प्रथम मागे घेऊन पाहावा. न निघाल्यास दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढावा. झाडाचा बुंधा किंवा अडलेली ट्रॉली ओढताना साखळी खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. ती आसाच्या वर बांधल्यास हाच प्रसंग ओढवतो.

स्वीडनमध्ये 1959 पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाचे रक्षण करणारी लोखंडी चौकट सक्तीची करण्यात आली व त्यानंतर उलटलेल्या ट्रॅक्टरखाली सापडून होणारे मृत्यू पुष्कळ घटले. ट्रॅक्टर विकत घेताना अशी चौकट मागून घ्यावी. चौकट असल्यास कमरेचा पट्टा अवश्य बांधावा, म्हणजे चालक चौकटीच्या आतच राहतो. मात्र चौकट नसलेल्या ट्रॅक्टरवर पट्टा बांधू नये.

इंजिन सुरू करावयाचे ते आसनावर बसून व गिअर मोकळा असल्याची खात्री करूनच. जमिनीवर उभे राहून स्टार्टरला तार लावण्याची सवय सोडावी. गिअर पडलेला असल्यास ट्रॅक्टर तार लावणाऱ्याच्याच अंगावर येतो. सुरू करण्यापूर्वी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून मागे-खाली कोणी मूल खेळत नाही ना, हे पाहावे. काम संपल्यावर अवजार जमिनीवर टेकवावे, हातब्रेक लावावा आणि किल्ली ट्रॅक्टरला न ठेवता घरात मुलांचा हात पोहोचणार नाही अशा खुंटीला अडकवावी.