हौशी वैमानिक व्हायचंय, पण सुरुवात कुठून?

प्रश्न : मी नाशिकरोडला राहते, वय 19. छंद म्हणून विमान चालवायला शिकायचं आहे. नाशकातच सोय होईल का?

उत्तर : गांधीनगरची धावपट्टी लष्करी वैमानिकांसाठी आहे आणि ओझरची एचएएल व प्रवासी विमानांची. त्यामुळे आग्रा महामार्गाने धुळे किंवा शिरपूर गाठा. धुळ्यात बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालतं. जेआरडी टाटांनी 1929 मध्ये भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवला, तो याच क्लबमध्ये शिकून.

फी भरण्याआधी वर्ग-2 वैद्यकीय तपासणी डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मान्य डॉक्टरांकडून करून घ्या. तिथे अडचण निघाली तर पैसे तरी वाचतील. छंदापुरत्या उड्डाणाच्या प्रायव्हेट परवान्याला वय 17, दहावी उत्तीर्ण आणि किमान 40 तास उड्डाण लागतं. त्यातले काही तास एकटीने.

संस्थेची डीजीसीए मान्यता तपासा. जाहिरातीपेक्षा हँगर पाहा : उडण्याजोगी विमानं किती, विद्यार्थी किती, महिन्याला प्रत्यक्ष किती तास मिळतात? हे शिकणाऱ्यांनाच विचारा. पूर्ण फी एकरकमी देऊ नका; परताव्याची अट लेखी घ्या.

पावसाळ्यात उड्डाणं रखडतात. तेव्हा हवामानशास्त्र, दिशादर्शन आणि नियमांच्या पेपरचा अभ्यास उरका. आणि लक्षात ठेवा, प्रायव्हेट परवान्यावर कमाई करता येत नाही.