खाडीतील पाणमांजर : अधिवास आणि निसर्गातील स्थान

उज्जैन येथील फ्रीगंज भागापासून अरबी समुद्राचा किनारा शेकडो किलोमीटर दूर आहे. तथापि माळव्यातील वाचकांसही कोकणच्या खाडीतील एका प्राण्याचा परिचय करून घेण्यास सबळ कारण आहे. उज्जैनच्या घाटांवरून वाहणारी क्षिप्रा पुढे चंबळेस मिळते. या चंबळेच्या गोड्या पाण्यात जे पाणमांजर वास्तव्य करते, त्याच जातीचे पाणमांजर सिंधुदुर्ग व गोवा येथील खाऱ्या खाड्यांतूनही आढळते. एकच प्राणी गोड्या आणि खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांत कसा नांदतो, त्यासाठी त्याला कशाची गरज असते व ती गरज आणि गावाचे हित यांचा संबंध काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राण्याची ओळख

पाणमांजरास मराठीत ऊद असेही म्हणतात. नावाच्या सारखेपणामुळे पुष्कळदा उदमांजराशी त्याची गल्लत केली जाते. परंतु उदमांजर हा झाडांवर व जमिनीवर वावरणारा अगदी वेगळा प्राणी होय. पाणमांजर हे मांजरही नव्हे. त्याचा समावेश मुस्टेलिडी या कुळात होतो. भारतात पाणमांजराच्या तीन जाती आहेत. त्यांपैकी आखूड, मऊ व तुळतुळीत केसांची जात खाड्यांत राहते. या जातीच्या प्रौढ प्राण्याचे वजन सुमारे ७ ते ११ किलोग्रॅम असते. पायांच्या बोटांमध्ये पडदे असतात आणि शेपटी टोकाकडे चपटी असल्याने पोहताना तिचा उपयोग होतो. हे प्राणी कुटुंब करून राहतात. गर्भावधी सुमारे दोन महिन्यांचा असून पिले जन्मतः अंध व परावलंबी असतात. पाण्याचा प्राणी म्हणून प्रसिद्ध असला, तरी त्याच्या पिलांना प्रथम कोरड्या, सुरक्षित बिळाचीच आवश्यकता असते.

समुद्र आणि पाणमांजर

जगात पाणमांजराच्या दोन जातींनी समुद्राचा विशेष आश्रय घेतला आहे. उत्तर पॅसिफिक महासागरातील समुद्री पाणमांजर बहुतेक सर्व आयुष्य पाण्यातच घालविते. दक्षिण अमेरिकेत पेरू व चिली या देशांच्या खडकाळ किनाऱ्यावर दुसरी जात राहते. ती आकाराने लहान असून तिचे वजन ३ ते ५ किलोग्रॅम भरते. खवळलेल्या लाटांत ती मासे व खेकडे पकडते, परंतु विश्रांतीसाठी व पिलांसाठी किनाऱ्यावरील खडकांच्या कपारीत येते. तिचा संसार समुद्र आणि जमीन यांच्यामधील एका अरुंद पट्ट्यात सामावलेला आहे.

आपल्याकडील पाणमांजर अशा अर्थाने सागरी नाही. ते उघड्या समुद्रापेक्षा नदीमुख, खाडी, कांदळवन व खाजण यांचा आश्रय घेते. तिवर, कांदळ व चिपी यांच्या मुळांच्या जाळ्यात बोय, कोळंबी, चिंबोरी यांची वाढ होते व तेथेच पाणमांजरास अन्न आणि आडोसा मिळतो. गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेट हे अशा अधिवासाचे उत्तम उदाहरण होय. याच बेटावर १९८८ मध्ये डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य स्थापन झाले.

गोड्या पाण्याची गरज

देवमाशाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, तसा पाणमांजराच्या शरीरात नसतो. त्याचे शरीर उबदार राहते ते केसांमुळे. बाहेरील राठ केसांखाली दाट लोकर असते व तिच्यात हवा कोंडून राहते. खाऱ्या पाण्यात वावरल्याने केसांत मीठ साचले, की ही हवा टिकत नाही व शरीराची उष्णता झपाट्याने जाते. म्हणून किनाऱ्यावरील पाणमांजरास अंग धुण्यासाठी गोडे पाणी लागते. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांवरील पाणमांजरांच्या अभ्यासात ही गोष्ट स्पष्ट झाली आहे. ती समुद्रात मासे धरतात, परंतु बिळे करतात ती गोड्या पाण्याच्या डबक्यांजवळ.

कोकणच्या खाडीस मिळणारे ओढे, व्हाळ आणि तळी यांचे महत्त्व यावरून ध्यानी येईल. खाडीत मासळी विपुल असूनही तिला मिळणारा व्हाळ आटला अथवा दूषित झाला, तर तो अधिवास अपुरा ठरतो. किनाऱ्यावरच्या प्राण्याचे जीवन अशा रीतीने डोंगरातून येणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते.

खाजणाची व्यवस्था

खाजण ही किनाऱ्यावरील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली व्यवस्था होय. माती व दगडांच्या बांधाने खाडीचे पाणी अडविले जाते. बांधातील दारास गोव्यात मानस, तर कोकणात उघाडी म्हणतात. भरतीच्या दाबाने हे दार मिटते आणि ओहोटीस आतील पावसाचे पाणी बाहेर पडते. आत कोरगुटसारखे खारवट जमिनीत तग धरणारे भात पिकते व तळ्यांत मासळी राहते. बांधाच्या एका अंगास खारे व दुसऱ्या अंगास सौम्य पाणी, अशी सोय पाणमांजरास येथे आयतीच लाभते. बांध फुटून शेतात खारे पाणी शिरले, तर शेतकऱ्याचे भात जाते आणि पाणमांजराचे गोडे पाणीही जाते.

अधिवास आणि स्थान

अधिवास म्हणजे प्राण्याचे राहण्याचे ठिकाण. तो काय खातो, केव्हा व कोणत्या रीतीने मिळवितो आणि त्यामुळे इतर जीवांवर काय परिणाम होतो, या सर्वांवरून निसर्गातील त्याचे स्थान ठरते. एकाच खाडीत खंड्या वरून सूर मारून लहान मासा टिपतो, बगळा उथळ पाण्यात स्थिर उभा राहून वाट पाहतो, तर पाणमांजरे कळपाने खोल पाण्यात माशांचा पाठलाग करतात. ठिकाण एक, परंतु प्रत्येकाचे काम वेगळे.

शिखरावरील भक्षक नाहीसा झाल्यास काय होते, याचे उदाहरण उत्तर पॅसिफिकमध्ये घडले. कातडीसाठी झालेल्या शिकारीमुळे तेथील समुद्री पाणमांजर १९११ पर्यंत नामशेष होण्याच्या बेतास आले. ते ज्या सागरी अर्चिनांना खाते, त्यांची संख्या अनेक ठिकाणी वाढली आणि माशांना आसरा देणारी समुद्रशैवालांची वने त्यांनी फस्त केली.

मच्छीमारांची अडचण

पाणमांजर जाळ्यातील मासळी खाते, जाळे फाडते, कोळंबीच्या तळ्यात शिरते, ही तक्रार खोटी नाही. लहान मच्छीमारास एक जाळे फाटणे म्हणजे कित्येक दिवसांची कमाई बुडणे होय. तथापि सापळा किंवा विष हा त्यावरील उपाय नव्हे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वये पाणमांजराची शिकार हा गुन्हा आहे. २०१९ मध्ये या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापारही निषिद्ध करण्यात आला. तळ्यास मजबूत कुंपण घालणे, जाळी रात्रभर पाण्यात न ठेवता वेळेवर उचलणे आणि नुकसानीची नोंद करून वनाधिकाऱ्यांस कळविणे हे मार्ग अधिक उपयुक्त होत. बांगलादेशातील नडाइल भागात तर कोळी लोक पाळीव पाणमांजरांकडून मासे जाळ्यात हाकून घेत आले आहेत. मनुष्य व पाणमांजर यांचे नाते वैराचेच असले पाहिजे असे नाही, हे यावरून दिसते.

गावाने व शाळेने करावयाचे काम

ग्रामपंचायतींनी व्हाळांत कचरा व सांडपाणी जाऊ देऊ नये, बांध व उघाड्यांची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी करावी आणि कांदळवनाची तोड थांबवावी. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला असून अशा कामी त्याचे मार्गदर्शन घेता येते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ओहोटीच्या वेळी, वडीलधाऱ्यांच्या सोबतीने, बांधावर न्यावे. चिखलातील पाच बोटांचे ठसे तसेच माशांचे खवले, काटे व खेकड्यांचे तुकडे असलेली विष्ठा या पाणमांजराच्या खुणा होत. बिळाजवळ जाऊ नये. स्थळ व दिनांक वहीत नोंदवावा. माळव्यातील शाळांनी हीच निरीक्षणे नदीकाठी करावीत. त्या खुणा दिसल्या किंवा न दिसल्या, तरी नदीच्या प्रकृतीविषयी विद्यार्थ्यांना विचार करावयास लावतील.

ज्या खाडीत पाणमांजराची पिले वाढतात, तेथे मासळी आहे, गोडे पाणी वाहते आहे आणि काठ शाबूत आहे, असे समजावे. गावाच्या निर्वाहाची साधनेही याहून निराळी नाहीत.