हापूसचं पान जूनमध्ये काढू नकोस

चि. सायली,

तुझी वेबसाइट निवांत पाहिली. फोटो झकास आहेत. पण मेनूत ‘विभाग १’, ‘विभाग २’ आणि ‘इतर’ असं जे आहे, ते थेट गोदामाच्या वहीतून उचललेलं दिसतं. कुठला माल कुणाकडून येतो, याच्याशी गिऱ्हाइकाला काय देणंघेणं? त्याला सोलकढीसाठी आगळ हवंय, आणि ते ‘इतर’मध्ये पापडांच्या खाली दडून बसलंय. ‘आंबा’, ‘काजू’, ‘कोकम’, ‘पिठं’ अशी सरळ नावं दे; आमसूल, आगळ, सरबत सगळं ‘कोकम’खाली. ‘इतर’ला रजा.

सोलकढीच्या कृतीत आगळाचा उल्लेख येतो, तिथेच त्याच्या पानाची लिंक दे. लिंकवर ‘येथे क्लिक करा’ नको, ‘कोकम आगळ’ असंच लिही. गूगल बहुतेकदा लिंक धरून नव्या पानापर्यंत पोचतं आणि तिच्यावरचे शब्द वाचून पान कशाचं आहे याचा अंदाज बांधतं. आतून एकही लिंक नसलेलं पान सहज नजरेतून सुटतं. साइटमॅपचा, म्हणजे पानांच्या पत्त्यांच्या यादीचा, मात्र बाऊ करू नकोस. त्या एका फाइलीत ५०,००० पत्ते मावतात, तुझी पानं शंभरही नाहीत. पाचशेच्या आतल्या, नीट जोडलेल्या साइटला तो नसला तरी चालतं, असं गूगलच सांगतं.

खरी तक्रार हापूसची. दरवर्षी पत्त्यात साल घालून नवं पान करतेस आणि जूनमध्ये काढून टाकतेस. ज्यांनी ती लिंक व्हॉट्सॲपवर पुढे पाठवली, आपल्या लेखात दिली, त्यांच्या वाचकांना आता ‘पान सापडत नाही’ एवढंच दिसतं. ब्रिन आणि पेज यांनी १९९८ साली गूगल उभं केलं तेच मुळी दुसऱ्यांनी दिलेल्या लिंकांवरून पानाची पत ठरवायची, या कल्पनेवर. आज त्यात इतर शंभर गोष्टी आल्यात, पण ती पत अजून मोजली जाते. तू ती दर पावसाळ्यात बुडवतेस.

एकच कायमचा पत्ता ठेव, सालाशिवाय. हंगाम संपला की ‘आता मार्चमध्ये’ असं लिही आणि खाली आंबापोळी, आमरसाचे डबे दाखव. २०१८ साली हापूसला मिळालेल्या जीआय मानांकनाची माहितीही तिथेच राहू दे. जुने पत्ते ३०१ रिडायरेक्टने, म्हणजे कायमचे, या पानाकडे वळव; सगळे मुखपृष्ठावर आणून टाकू नकोस, तो आळशीपणा झाला.

पत्ते रोमन लिपीत असलेले बरे. देवनागरी गूगलला चालते, पण कॉपी केलेला पत्ता बरेचदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन चिकटतो आणि लोकांना वाटतं, फसवणुकीचा मेसेज आला.

हे सगळं करण्याआधी शेजारच्या काकूंच्या हातात फोन दे, आमसूल शोधायला सांग आणि मागे गप्प उभी राहा. त्या कुठे अडतात ते लिहून काढ. ती यादी आणि जुन्या-नव्या पत्त्यांचा तक्ता मला पाठव. तोवर एकही पान हलवू नकोस. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा