वडिलांची दुनळी आणि माझा खांदा

चिखली गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत सामील झाले, त्याच्या पुष्कळ आधी, इंद्रायणीकाठच्या आमच्या वावरात ऊस आणि ज्वारी उभी राहत असे तेव्हा, माझ्या वडिलांनी पीकसंरक्षण व स्वसंरक्षण ही कारणे दाखवून रीतसर अर्ज केला आणि बारा बोअरची एक दुनळी बंदूक घेतली. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीस होते. १८६९ सालापासून चालत आलेल्या त्या कारखान्यात बारा बोअरची काडतुसेही तयार होत, आणि बुडाच्या पितळेवर ‘के. एफ.’ ही अक्षरे उमटलेले काडतूस दाखवताना त्यांच्या मुद्रेवर जो अभिमान दिसे, तो मी लहानपणापासून पाहिलेला आहे. बंदूक फारशी उडाली नाही. परंतु दर दसऱ्याला तिची पूजा झाली, आणि पूजेतल्या वस्तूविषयी माणसाच्या मनात जी निःशंक श्रद्धा असते, ती घेऊनच मी नेमबाजीकडे वळलो.

परवानाधारकाच्या वयास सत्तर वर्षे पूर्ण झाली, अथवा शस्त्र त्याच्याजवळ पंचवीस वर्षे राहिले, म्हणजे त्या शस्त्राचा परवाना कायदेशीर वारसास देता येतो, अशी २०१६ च्या शस्त्र नियमांत तरतूद आहे. तिच्या आधारे ही दुनळी माझ्या नावावर झाली. त्याच वर्षी मैराज अहमद खान हे रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्कीट प्रकारात उतरले होते, आणि त्या प्रकारात ऑलिंपिकला पोहोचलेले ते पहिले भारतीय नेमबाज, हे वाचून माझ्या मनात त्या खेळाचे बीज पडले. आमच्या परिसरात नेमबाजी म्हटली की म्हाळुंगे-बालेवाडीचे क्रीडासंकुल आठवते. तिथली परंपरा रायफल-पिस्तुलाची, आणि तिथेच सराव केलेल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये रायफलचेच कांस्यपदक मिळवले. छर्ऱ्यांच्या बंदुकीची विद्या मात्र निराळी आहे, आणि हे निराळेपण न ओळखणे हाच माझ्या पुढच्या सर्व चुकांचा उगम होय.

स्कीटच्या मैदानावर दोन टोकांना दोन घरे असतात. उंच घरातून सुमारे तीन मीटर उंचीवरून आणि बुटक्या घरातून सुमारे एक मीटर उंचीवरून तबकडी बाहेर पडते. क्ले या नावाने ओळखली जाणारी, परंतु वस्तुतः डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची ती तबकडी अवघी ११० मिलिमीटर रुंद व १०५ ग्रॅम वजनाची असते. नेमबाज अर्धवर्तुळावरच्या सात आणि मध्यावरच्या एका अशा आठ स्थानांवरून एका फेरीत पंचवीस तबकड्या मारतो. दस्ता कमरेशी धरून त्याने हाक द्यायची, हाकेनंतर तबकडी तत्क्षणी सुटेल किंवा तीन सेकंदांपर्यंत केव्हाही सुटेल, आणि ती दिसेपर्यंत बंदूक खांद्याला लावायची नाही, असा नियम. सबब या खेळात बंदूक शांतपणे रोखून धरलेली नसते. ती दर वेळी कमरेपासून उचलून खांद्याशी आणि गालाशी भिडवावी लागते, आणि त्या अर्ध्या क्षणात ती ज्या जागी बसेल तिथेच छर्रे जातात.

२०१९ सालच्या पावसाळ्यानंतर मी एका परगावच्या क्लबाच्या मैदानावर गेलो. जाण्यापूर्वी एक गोष्ट कळली, ती प्रत्येक परवानाधारकाने आपली पुस्तिका उघडून आजच पाहावी अशी आहे: परवाना कोणत्या कारणासाठी आणि किती क्षेत्रापुरता दिलेला आहे? पिकाच्या रक्षणासाठी दिलेली बंदूक खेळाच्या मैदानावर नेता येत नाही, आणि राज्यापुरता परवाना राज्याच्या सीमेपाशी संपतो. कारण व क्षेत्र या दोन्हींसाठी मला नव्याने अर्ज करावा लागला, नवस्थापित पोलीस आयुक्तालयात हजर राहून जबाब द्यावा लागला, आणि त्यात काही महिने गेले. ते महिने वाया गेले असे मी मानत नाही. शस्त्राच्या बाबतीत असा विलंब असावाच.

मैदानावरील अधिकाऱ्याने प्रथम माझी काडतुसे पाहिली आणि ती सर्व बाजूला काढून ठेवली. घरातली ती चार नंबरची होती, म्हणजे तीन मिलिमीटरहून जाड छर्ऱ्यांची. स्कीटमध्ये २.६ मिलिमीटरहून जाड छर्रा वर्ज्य, कारण जाड छर्रा दूरवर जातो आणि मैदानाची सुरक्षित हद्द त्या हिशेबाने आखलेली नसते. प्रचारात आहे तो नऊ नंबर, दोन मिलिमीटरचा, आणि एका काडतुसात छर्ऱ्यांचे वजन चोवीस ग्रॅमपेक्षा अधिक नाही. नंतर त्यांनी नळीतल्या, काडतूस बसण्याच्या घराची लांबी तपासली. जुन्या पुष्कळ बंदुकांचे घर ६५ मिलिमीटरचे असते आणि हल्लीचे काडतूस बहुधा ७० मिलिमीटरचे. ते आखूड घरात सुखाने बसते, परंतु काडतुसाची ही लांबी उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची असते, आणि ते तोंड पुढच्या निमुळत्या भागात उलगडले की दाब भयंकर वाढतो. माझी दुनळी ७० ची निघाली. तशी ती नसती, तर घरच्या ओट्यावर बसून मी ते कधी ताडले असते असे मला वाटत नाही. त्यांनीच सांगितले की, वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत गेले तर ते पुढे सरकून अडकते, मागून बारा बोअरचे भरले जाते, आणि नळी फुटते. म्हणून वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत पडली.

पहिल्या फेरीत पंचवीसपैकी दोन तबकड्या फुटल्या. त्याची मला खंत नव्हती. खंत पुढच्या गोष्टीची आहे. आठव्या-नवव्या बारानंतर दस्त्याचा माथा माझ्या गालाच्या हाडावर आदळू लागला. वडील माझ्यापेक्षा चांगले चार बोटे ठेंगणे. त्यांच्या बाहूला जुळणारा दस्ता मला आखूड पडत होता, आणि तो खाली अधिक कललेला असल्यामुळे धक्क्यासरशी वर उसळत होता. वजन जेमतेम तीन किलो. हलकी बंदूक उचलायला सोपी म्हणून नवशिक्यास भावते. परंतु काडतूस तेच असता धक्का हलक्या बंदुकीचाच अधिक बसतो, हे न्यूटनचे गणित मी माझ्या कारखान्यातल्या नोकरीत आयुष्यभर वापरले आणि इथे विसरलो. मी हट्टाने तीन फेऱ्या पुऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशी गाल सुजला तो चार दिवसांत उतरला. पण चाप ओढण्यापूर्वी डोळे मिटण्याची आणि खांदा मागे घेण्याची जी सवय त्या दुपारी शरीराला जडली, ती सुटायला जवळजवळ दोन वर्षे गेली. नवशिक्याला होणारी खरी इजा ही आहे, आणि ती आरशात दिसत नाही.

त्यात नळ्यांचा दोष भर घालत होता. नळीच्या तोंडाशी केलेल्या आवळपणास चोक म्हणतात. पूर्ण चोकमध्ये तो आवळपणा इंचाच्या सुमारे चाळीस हजारांश असतो, स्कीटच्या चोकमध्ये पाचाच्या आसपास. आम्ही कारखान्याच्या टूलरूममधले लोक एका हजारांशासाठी नग परत पाठवतो, तरी या पस्तीस हजारांशांचा अर्थ मी कधी विचारला नव्हता. वीस मीटरवर, म्हणजे स्कीटमध्ये जिथे तबकडी मारली जाते साधारण त्या अंतरावर, पूर्ण चोकचे छर्रे सुमारे चाळीस सेंटीमीटरच्या वर्तुळात राहतात आणि स्कीट चोकचे सुमारे सत्तर सेंटीमीटरच्या. क्षेत्रफळ काढले तर हे वर्तुळ तिपटीने मोठे. शिकाऊ माणसाला एवढ्या मोठ्या क्षमेची गरज असताना मी आवळ नळी घेऊन उभा होतो.

क्लबातल्या वयोवृद्ध प्रशिक्षकांनी दुसऱ्या दिवशी माझी दुनळी पिशवीत बंद करायला लावली आणि क्लबाची बंदूक हातात दिली. नळ्या शेजारीशेजारी नव्हे तर एकीवर एक, अठ्ठावीस इंची, दोन्ही स्कीट चोकच्या, वजन साडेतीन किलोच्या आसपास. त्यांनी प्रथम काडतूस भरू न देता दुसरेच काम केले: दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबावर बोट रोखायला सांगितले आणि एकेक डोळा मिटायला लावला. ज्या डोळ्याने पाहताना बोट जागचे हलत नाही तो डोळा प्रधान. तो उजवा असेल तर उजव्या खांद्यावरून नेम धरावा, आणि डावा निघाला तर आरंभीच तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. मग रिकामी बंदूक तपासून, डोळे मिटून खांद्याला लावायची व मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरची माशी सरळ समोर, नळीच्या पाठीवर दिसली तर दस्ता अंगाचा. मान वाकवून ती शोधावी लागली तर बंदूक दुसऱ्याची. एवढे झाल्यावर मारलेल्या फेरीत नऊ तबकड्या फुटल्या.

येथे मी थांबायला हवे होते. परंतु मनुष्याला यशाच्या पहिल्या चाहुलीबरोबर मालकीची घाई होते. परदेशी बंदुकांची आयात सर्वसामान्य परवानाधारकास खुली नाही, ती सवलत नामवंत नेमबाजांस; त्यामुळे बाजारात जुनी विदेशी बंदूक निघाली की तिच्या किमतीचा तिच्या उपयुक्ततेशी संबंध उरत नाही. एका विक्रेत्याने ‘ऑलिंपिकची बंदूक’ म्हणून दाखवलेली, बत्तीस इंची नळ्यांची एक देखणी वरखाली दुनळी मी जमवलेल्या रकमेतून घेतली. ती ऑलिंपिकचीच होती, पण ट्रॅपची. ट्रॅपमध्ये तबकडी नेमबाजापासून दूर आणि वर जाते. म्हणून त्या बंदुकीचा मार मुद्दाम किंचित वर ठेवलेला, चोक आवळ, आणि बंदूक आधीच खांद्याला लावून हाक द्यायची असल्याने दस्त्याची टाच रुंद व रबराची. कमरेपासून उचलताना ती टाच माझ्या जाकिटात अडकत असे.

आणि मग कायदा आडवा आला. डिसेंबर २०१९ पासून सर्वसामान्य परवानाधारकास तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. वडिलांची एक, ट्रॅपची दुसरी. स्कीटच्या बंदुकीला जागाच उरली नाही. ट्रॅपची बंदूक खाजगी व्यक्तीस विकायची तर लेखी खबर देऊन पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. अखेरीस ती विकली, तेव्हा आलेल्या रकमेत दोन वर्षांच्या सरावाची काडतुसे आणि मैदानाचे शुल्क भागले असते इतकी तूट होती.

आज माझ्या नावावर स्कीटची बंदूक नाही. क्लबाच्या कपाटातली तीन नंबरची बंदूक मी मागून घेतो. तिच्या दस्त्याच्या टाचेशी बसेल अशी बारा मिलिमीटरची एक चकती मी स्वतः तयार केलेली आहे, ती जाताना नेतो आणि येताना काढून आणतो. पॅरिसमध्ये २०२४ साली महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका यांचे स्कीटमधले कांस्यपदक ४३ विरुद्ध ४४ असे एका तबकडीने हुकले, तेव्हापासून आमच्या आळीतली दोन मुले बंदुकीची किंमत विचारायला येत असतात. मी त्यांना किंमत सांगत नाही. वडिलांची दुनळी रिकामी असल्याची दोनदा खात्री करून ती त्यांच्यासमोर ठेवतो, त्यांच्या बाहूची लांबी टेपने मोजतो, आकडा वहीत लिहून देतो, आणि पुढच्या रविवारी मैदानावर चलायला सांगतो.